समुद्रतळावरील रांगोळी

दिवाळीच्या पहाटे अंगणात रांगोळी घातली जात असताना तुम्ही कधी तरी शेजारी बसून पाहिले असेल. सारवलेल्या भूमीवर मोजून ठिपके मांडले जातात. मग चिमटीतून पांढरी शुभ्र रेघ सुटू लागते आणि पाहता पाहता त्या ठिपक्यांतून एखादे कमळ किंवा चक्र उमलते. एवढी मेहनत करून काढलेली ही रांगोळी टिकते किती? वाऱ्याची झुळूक आली, कोणाचे पाऊल पडले, की ती पुसट होते. तरीही दुसऱ्या दिवशी तोच हात पुन्हा चिमूट भरतो आणि नवी रांगोळी घालू लागतो.

अशीच एक रांगोळी समुद्राच्या तळाशी घातली जाते, असे कोणी सांगितले तर तुम्हाला ते खरे वाटणार नाही. ती घालणाऱ्याला हात नाहीत, चिमूट नाही, मोजायला दोरी नाही. शिवाय त्याची लांबी अवघी चार इंच! तरी त्याने वाळूत कोरलेले वर्तुळ सुमारे दोन मीटर रुंद असते. हा कलावंत म्हणजे जपानच्या दक्षिणेकडील समुद्रात राहणारा एक लहानसा मासा होय. त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिणेस आणि ओकिनावाच्या उत्तरेस आमामी ओशिमा नावाचे एक बेट आहे. तेथील समुद्र उबदार व स्वच्छ आहे. पाण्याखालची प्रवाळे, रंगीबेरंगी मासे आणि शंखशिंपले पाहण्यासाठी अनेक पाणबुडे तेथे उतरतात. १९९५ साली त्यांतील काहींना वाळूच्या तळावर एक विलक्षण आकृती दिसली. मध्यभागी सपाट, गोल जागा; तिच्याभोवती वाळूच्या उंचवट्यांची दोन वलये; आणि सूर्यापासून किरण निघावेत तशा मध्यापासून बाहेर गेलेल्या सरळ चऱ्या. सारे इतके नेटके, की जणू कोणी कंपासपेटी घेऊन पाण्यात उतरला होता!

ही आकृती कोणी काढली असावी? पाण्याच्या प्रवाहामुळे वाळूवर लाटांसारख्या रेषा उमटतात. परंतु प्रवाह असे वर्तुळ कोरीत नाही. एखाद्या खट्याळ माणसाने ती काढली म्हणावे, तर ऐंशी-नव्वद फूट खोल जाऊन इतकी मेहनत कोण कशासाठी करील? कोणालाही उत्तर सापडेना. लोकांनी त्या आकृतीला 'गूढ वर्तुळ' असे नाव देऊन टाकले. नाव दिल्याने कोडे सुटत नाही. पुढे कितीतरी वर्षे ही वर्तुळे दिसत राहिली, मिटत राहिली आणि पुन्हा नवी उमटत राहिली; परंतु त्यांचा कर्ता मात्र अज्ञातच राहिला.

योजी ओकाता हे जपानमधील एक छायाचित्रकार होते. पाण्याखालची छायाचित्रे घेण्यात त्यांनी आपल्या आयुष्याची बरीच वर्षे घालविली होती. आमामीच्या समुद्रतळावरील ही वर्तुळे त्यांच्या दृष्टीस पडली, तेव्हा त्यांचे कुतूहल जागे झाले. २०१२ साली ओकाता, संशोधक हिरोशी कावासे आणि त्यांचे सहकारी यांनी या वर्तुळांवर बारकाईने पाळत ठेवली. तेव्हा त्यांना जे दिसले त्याने ते थक्क झाले. एक चिमुकला मासा वाळूला अंग घासत, पर फडफडवीत, पुन्हा पुन्हा त्याच रेषांतून पोहत होता आणि त्याच्या मागे एकेक चरी उमटत होती. सतरा वर्षांचे कोडे एका माशाने सोडविले! कावासे, ओकाता आणि किमिआकी इतो यांनी या निरीक्षणांचा वृत्तान्त २०१३ साली प्रसिद्ध केला. हा मासा तोपर्यंत शास्त्राला ठाऊकच नव्हता. केइची मात्सुउरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन करून २०१४ साली त्याला नाव दिले, 'टॉर्क्विजेनर अल्बोमॅक्युलोसस'. यातील दुसरा शब्द लॅटिन भाषेतील असून त्याचा अर्थ 'पांढऱ्या ठिपक्यांचा' असा आहे. या माशाच्या अंगावर खरोखरच पांढरे ठिपके असतात.

हा मासा ज्या कुळातील आहे ते कूळ आपल्याला अगदीच अपरिचित नाही. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यात कधी कधी एक मासा सापडतो. त्याला ते केंड म्हणतात. त्याला डिवचले, तर तो पाहता पाहता चेंडूसारखा टम्म फुगतो. आमामीचा हा शिल्पकार त्या केंडांचाच भाऊबंद होय.

या कुळाला शास्त्रज्ञांनी दिलेल्या नावाचा अर्थ 'चार दातांचे' असा आहे. वरच्या जबड्यात दोन आणि खालच्या जबड्यात दोन असे चार दात एकत्र येऊन पोपटाच्या चोचीसारखे बळकट तोंड बनलेले असते. शिंपले, गोगलगाई, खेकडे यांची कठीण कवचे या तोंडापुढे टिकत नाहीत. या कुळात शेदोनशे जाती आहेत. केरळातील नद्यांमध्ये आढळणारी एक जात बोटाच्या दोन पेरांएवढीही भरत नाही, तर आफ्रिकेतील काँगो नदीत व टांगानिका सरोवरात राहणारी एक जात दोन फुटांहून अधिक वाढते.

इतर मासे शेपटीच्या फटकाऱ्याने बाणासारखे पुढे जातात. केंडाला तसे जमत नाही. तो छातीजवळचे, पाठीवरचे आणि पोटाखालचे लहान पर हलवीत सावकाश पोहतो. मात्र तो एका जागी स्थिर राहू शकतो, झटकन वळू शकतो आणि मागेही सरकू शकतो. अशा संथ प्राण्याने शत्रूपासून स्वतःचा बचाव कसा करावा? त्याला निसर्गाने दोन साधने दिली आहेत.

पहिले साधन म्हणजे फुगणे. शत्रू जवळ आला, की केंड भराभर पाणी गिळतो. त्याचे जठर पिशवीसारखे ताणले जाते. त्याला फासळ्या नाहीत आणि त्याची कातडी लवचीक आहे. म्हणून सारे अंग गोल होऊ शकते. एवढा मोठा गोळा घशात अडकेल, या भीतीने शत्रू माघार घेतो. पाण्याबाहेर ओढले असता तो पाण्याऐवजी हवा गिळून फुगतो.

दुसरे साधन अधिक भयंकर आहे. या कुळातील पुष्कळ जातींच्या यकृतात, अंड्यांत व कातडीत एक जहाल विष असते. योशिझुमी ताहारा या जपानी शास्त्रज्ञाने १९०९ साली त्याला 'टेट्रोडोटॉक्सिन' हे नाव दिले. हे विष मासा स्वतः तयार करीत नाही. ते सूक्ष्म जीवाणू तयार करतात आणि अन्नाबरोबर ते माशाच्या अंगात साठते, असे आता मानले जाते. हे विष मज्जातंतूंमधून जाणारे संदेश रोखून धरते. प्रथम ओठ व जीभ बधिर होतात, मग हातपाय लुळे पडतात आणि विषाची मात्रा अधिक असेल तर श्वासही थांबतो. शिजविल्याने ते नाहीसे होत नाही आणि त्यावर उतारा असे औषध नाही. म्हणून केंड कधीही खाऊ नये. जपानमध्ये या कुळातील काही मासे खाल्ले जातात. परंतु ते तयार करण्याचे काम खास शिक्षण घेऊन परवाना मिळविलेल्या आचाऱ्यांनाच करता येते.

कॅप्टन जेम्स कुक या प्रसिद्ध दर्यावर्दी नाविकाला या विषाचा अनुभव आला होता. १७७४ च्या सप्टेंबर महिन्यात त्याचे जहाज पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटापाशी नांगरून पडले होते. तेथील एका रहिवाशाकडून मिळालेल्या माशाचे यकृत व अंडी कुकने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी रात्रीच्या जेवणात चाखून पाहिली. त्यांनी अगदी थोडीच चव घेतली, हे त्यांचे नशीब! मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांचे हातपाय बधिर झाले. कुकच्या हाताला जड-हलके कळेना. पाण्याने भरलेले भांडे आणि पक्ष्याचे पीस त्याला सारख्याच वजनाचे वाटू लागले. ते तिघेही वाचले. पण त्या माशाची आतडी खाल्लेले एक डुक्कर सकाळी मेलेले आढळले.

फुगण्याची कला आणि विषाची शिदोरी घेऊन जगणाऱ्या या कुळात रांगोळी घालणारा मासा जन्मावा, हे नवलच नव्हे काय? आता तो आपले वर्तुळ कसे कोरतो ते पाहू.

वसंत आणि उन्हाळ्याच्या दिवसांत या माशांचा विणीचा हंगाम येतो. तेव्हा नर सपाट वाळूची जागा निवडतो. ही जागा पाण्याखाली दहा ते सत्तावीस मीटर खोल असते. प्रथम तो वाळूला पोट घासून ठिकठिकाणी लहान खळगे करतो. या वेळी पाहणाऱ्याला वाटेल, की तो उगाच वाळू उकरीत आहे. परंतु लवकरच त्या खळग्यांतून वर्तुळ दिसू लागते. मग खरे काम सुरू होते. नर वर्तुळाच्या बाहेरून मध्याकडे सरळ रेषेत पोहत येतो. पोहताना तो तळाला चिकटून असतो आणि छातीजवळचे, पोटाखालचे व शेपटीचे पर जोराने हलवितो. त्यामुळे वाळू उडून दोन्ही बाजूंना पडते. मध्ये दरी आणि दोहों बाजूंना टेकडी तयार होते. मग तो दुसऱ्या दिशेने शिरतो, मग तिसऱ्या. प्रत्येक दरी एकदा कोरून भागत नाही. पाण्याची हालचाल वाळू पुन्हा आत लोटते. म्हणून त्याच दरीतून तो पुन्हा पुन्हा जातो. नांगर, फावडे, कुंचला, जे काही म्हणावे ते त्याचे पर हेच.

मध्यभागाची तऱ्हा निराळी. तेथे खोल चऱ्या नसतात. पोटाखालचा पर हलवून नर तेथे बारीक वाळू पसरतो आणि तीवर नाजूक वळणांची नक्षी उठवितो. शेवटी तो शिंपल्यांचे व प्रवाळांचे लहान तुकडे तोंडात धरून आणतो आणि टेकड्यांच्या माथ्यांवर ठेवतो. रांगोळी पुरी झाल्यावर आपण तीत हळदकुंकवाची चिमूट टाकतो ना, तसेच हे!

या साऱ्या कामाला सात ते नऊ दिवस लागतात. त्याच्या श्रमांची कल्पना यावी म्हणून एक सोपे गणित करून पाहा. हा मासा सुमारे दहा सेंटिमीटर लांब आहे आणि त्याचे वर्तुळ दोनशे सेंटिमीटर रुंद आहे; म्हणजे ते त्याच्या लांबीच्या वीस पट झाले. तुमची उंची दीडशे सेंटिमीटर असेल, तर तुम्हाला तीस मीटर रुंदीचे वर्तुळ कोरावे लागेल. शाळेचे क्रीडांगण डोळ्यांपुढे आणा. ते एकट्याने, कोणतेही हत्यार न घेता, आठवडाभरात नक्षीदार करायचे! शिवाय या माशाला आपले वर्तुळ कधीच आपल्यासारखे वरून, एका दृष्टीक्षेपात पाहता येत नाही; काम करताना तो तळालाच चिकटलेला असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? निसर्गात असे कष्ट सहसा निष्कारण घेतले जात नाहीत. हे वर्तुळ म्हणजे त्या माशाचे घरटे आहे. सुगरण पक्ष्याचा नर जसा सुबक खोपा विणतो आणि मादीने तो पसंत करावा म्हणून वाट पाहतो, तसाच हा मासाही आपले वर्तुळ पुरे करून मादीची वाट पाहतो. मादी आली, की तो मध्यभागाची बारीक वाळू उडवितो, तिच्या दिशेने झेपावतो आणि पुन्हा मागे सरतो. घरटे पसंत पडले, तर मादी मध्यभागी खाली उतरते. नर तिचा गाल तोंडात धरतो आणि त्याच क्षणी ती त्या मऊ वाळूत अंडी घालते. घरटे पसंत पडले नाही, तर ती निघून जाते आणि नऊ दिवसांचे श्रम वाया जातात.

वर्तुळाचा आकार केवळ शोभेचा नाही, हेही संशोधकांनी दाखवून दिले. त्यांनी प्रयोगशाळेत वर्तुळाची प्रतिकृती करून तीवरून पाणी वाहू दिले. तेव्हा असे आढळले, की पाणी कोणत्याही बाजूने आले तरी त्या बाजूच्या दऱ्यांतून ते मध्याकडे वळते आणि येताना बारीक वाळूचे कण बरोबर आणते. मध्यभागी पोहोचेपर्यंत पाण्याचा वेग सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतो. अशा रीतीने मध्यावर मऊ, बारीक वाळूची गादी तयार होते आणि तेथील अंडी प्रवाहाने वाहून जाण्याचे भय कमी होते. या मऊ वाळूला मादीच्या निवडीत महत्त्व असावे, असे संशोधकांना वाटते. जे आपल्याला नक्षीकाम वाटले, ते एका चतुर अभियंत्याचे बांधकामही ठरले!

अंडी घालून मादी निघून जाते. मागे राहतो तो नर. सुमारे सहा दिवस तो आपल्या वर्तुळाच्या मध्यभागी पहारा करतो. दुसरे मासे अंड्यांच्या लोभाने जवळ आले, की तो त्यांच्या अंगावर धावून जातो. बळाच्या मानाने तो कोणीच नव्हे. परंतु अंडी सोडून तो पळत नाही. या सहा दिवसांत तो आणखी एक गोष्ट करतो. किंवा खरे सांगायचे तर करीत नाही. तो वर्तुळाची डागडुजी करीत नाही. इतके दिवस जी दरी जराही बुजू दिली नाही, ती आता त्याच्या डोळ्यांदेखत बुजत जाते. टेकड्या खचतात, शिंपल्यांचे तुकडे घसरतात, नक्षी पुसट होते. त्याचे सारे लक्ष आता त्या इवल्याशा अंड्यांकडे असते. अंडी फुटून पिल्ले बाहेर पडतात आणि अथांग समुद्रात निघून जातात, तोवर वर्तुळ जवळजवळ सपाट झालेले असते.

मग हा मासा काय करतो? मोडकळीला आलेले जुने घरटे तो दुरुस्त करीत नाही. तो नवी जागा शोधतो आणि पहिल्या खळग्यापासून पुन्हा आरंभ करतो. यामागेही कारण असावे. जुन्या जागेच्या दऱ्यांतील बारीक वाळू एकदा मध्यावर नेऊन झालेली असते. दुसऱ्या वेळी ती पुरेशी मिळणार नाही. म्हणून नव्या अंड्यांसाठी नवी भूमी हवी, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

आमामीचा समुद्र सोडून अशी वर्तुळे दुसरीकडे कोठे नसतील, असे काही वर्षे वाटत होते. परंतु २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यापासून दूर, शंभर मीटरांहून अधिक खोल तळावर, पाण्याखाली चालणाऱ्या यंत्रांच्या कॅमेऱ्यांनी तशाच वर्तुळांची चित्रे टिपली. तेथेही एक लहानसा केंड एका वर्तुळातून निसटून जाताना दिसला. आमामीपासून ते स्थान हजारो किलोमीटर दूर आहे. अशा काळोख्या खोलीत आणखी किती रांगोळ्या उमटत आणि पुसल्या जात असतील, कोण जाणे!

या माशाला आपण कलावंत म्हटले खरे. पण त्याच्या मनात सौंदर्याचा विचार असतो, असे म्हणण्याचे धाडस शास्त्र करीत नाही. पाखराला जसे घरटे विणण्याचे ज्ञान उपजत असते, तसेच याचेही असावे. तरीही त्याच्या वर्तुळाकडे पाहून आपले मन प्रसन्न होते, त्याला कारण आहे. त्यात एकही रेषा फुकट नाही. जे उपयोगाचे तेच तेथे सुंदर झाले आहे.

आणि ज्यांनी हे कोडे उलगडले, त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. ही वर्तुळे अनेकांनी पाहिली होती. पाहून नवल करणारे पुष्कळ असतात. नवल वाटल्यावर थांबून, पुन्हा पुन्हा त्याच जागी जाऊन, शांतपणे पाहत राहणारे थोडे. निसर्ग आपली गुपिते घाईने निघून जाणाऱ्याला सांगत नाही. तुमच्या अंगणातही मुंग्यांची वारुळे आहेत, कोळ्यांची जाळी आहेत, कुंभारमाशीची मातीची घरे आहेत. त्यांतील एखाद्यापाशी थोडा वेळ बसून पाहा. कदाचित तुमच्याही पुढे एखादे कोडे अलगद उलगडेल.